रेडियम खरं होतं

वर्धा, नोव्हेंबर १९४०. तुळशीची लग्नं लागून गेली आहेत आणि गावात वराती सुरू झाल्या आहेत. तुम्ही बाजारातल्या रस्त्याच्या कडेला उभे आहात. दिवसभर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या बंड्या आता थांबल्या आहेत. रस्त्यावर सांडलेला कापूस धुळीत मिसळून गेला आहे. तुमच्या झोळीत तुमच्याच काळातलं, तळहाताएवढं एक यंत्र आहे: गायगर मीटर. त्याच्या पोटात वायू भरलेली नळी, नळीत उच्च दाबाची वीज आणि तोंडाशी अभ्रकाची पातळ खिडकी. फुटलेल्या अणूतून निघालेला कण नळीत शिरला की विजेचा एक ठोका पडतो आणि मीटर टिक करतं. तुम्ही आत्ता ज्या वर्षात उभे आहात त्या वर्षी ही नळी जेमतेम बारा वर्षांची आहे. हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर यांनी ती १९२८ मध्ये जर्मनीत तयार केली.

मीटर चालू करा, पण ते कशाच्याही जवळ नेऊ नका. दहा मिनिटं नुसतं हातात धरून उभे राहा. टिक. टिक-टिक. मग थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा टिक. यातले काही ठोके आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे आहेत, काही पायाखालच्या जमिनीतल्या युरेनियम-थोरियमचे. तुमच्या स्वतःच्या अंगातही नैसर्गिक पोटॅशियम आहे आणि त्याचे दर सेकंदाला सुमारे ४,००० अणू फुटत असतात; जन्मापासून फुटत आले आहेत. वर्ध्याची जमीन दख्खनच्या काळ्या बेसाल्टची. ग्रॅनाइटच्या मानानं बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम बरंच कमी, म्हणून इथला आकडा लहान आहे. मिनिटाला वीस-पंचवीस टिक. हा आकडा आधी वहीत लिहा. जागेचं मूळ किती हे ठाऊक नसेल तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही, आणि घाईनं मोजणारे नेमके इथंच फसतात.

वरात वळणावर येते. पुढे वाजंत्री, मागे डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं. तुमच्यासमोर येऊन एक बत्ती मंद होते. गडी ती खाली उतरवतो आणि पंप मारू लागतो. त्याच्या खिशात कागदाच्या पुडीत नवी मेंटल आहे, म्हणजे बत्तीत बांधायची ती पांढरी मऊ जाळी. तुमच्या झोळीतून टिकटिक ऐकून तो मान वर करतो.

"काय वाजून राह्यलं जी तुमच्या झोयीत?"

"मोजायचं यंत्र आहे, भाऊ. तुमची नवी जाळी जरा मोजू का?"

"मोजा ना जी. पन जयलेलीले हात नोका लावू, भुकटी होते तिची."

पुडी उघडा आणि मीटरची खिडकी जाळीच्या अगदी जवळ धरा. टिकटिक एकदम दाट होते, ठोके वेगळे मोजता येत नाहीत इतकी. आता मधे एक कोरा कागद धरा: आकडा थोडा उतरतो, कारण अल्फा कण कागदानंच अडतात. ॲल्युमिनियमचा जाडसर पत्रा धरा: बीटा कणही बहुतेक थांबतात आणि आकडा आणखी खाली येतो. उरतात ते गॅमा किरण. ही जाळी थोरियमच्या क्षारात भिजवून काढलेली आहे. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि थोरियम ऑक्साइडचा सांगाडा उरतो. त्यात टक्काभर सिरियम असतं, आणि तापलं की ते मिश्रण लख्ख पांढरं पेटतं. गड्यानं तुम्हाला ज्या भुकटीबद्दल बजावलं, ती भुकटी श्वासात जाऊ न देणं हीच या जाळीच्या बाबतीतली खरी काळजी. त्याला ते जाळी वाचवायची म्हणून ठाऊक आहे, तुम्हाला वेगळ्या कारणानं. सल्ला एकच.

हे थोरियम येतं कुठून? १९०९ मध्ये शोंबेर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनॅझाइट वाळू शोधून काढली, आणि आपल्या दक्षिण टोकाची वाळू बोटीत भरून युरोपला जाऊ लागली. बर्लिनमध्ये जाळ्या बनवणारी आउअर कंपनी पुढे याच थोरियमचा एक अंश 'डोरामाड' नावाच्या टूथपेस्टमध्ये घालून विकू लागली. किरणांनी हिरड्या बळकट होतात आणि दात चमकतात असा तिचा दावा होता. वरातीत उजेड देणारा पदार्थ तिकडे लोक रोज सकाळी तोंडात घालत होते.

वरात पुढे जाऊ द्या. पहाटे तुम्हाला सेवाग्रामला पोचायचं आहे.

वाट आठेक किलोमीटरची. गावाचं जुनं नाव शेगाव. सेवाग्राम हे नाव याच वर्षी पडलं आहे. गांधीजी इथं १९३६ मध्ये राहायला आले, आणि प्रार्थनेच्या जागेजवळ त्यांनी तेव्हा लावलेला पिंपळ आता माणसाहून उंच झाला आहे. आश्रमात सध्या गडबड आहे. गेल्या महिन्यात, १७ ऑक्टोबरला, विनोबांनी पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, २१ तारखेला त्यांना देवळीत अटक झाली, आणि आता एकेका सत्याग्रहीची निवड, पत्रं, तारा, भेटी सुरू आहेत. बापूकुटीत शिरताना वाका, दार बुटकं आहे. सारवलेली जमीन, बांबूच्या तट्ट्या, चटई, बसून लिहायचं छोटं मेज.

या झोपडीत आरोग्य हा राजकारणाइतकाच गंभीर विषय आहे. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यातच गांधीजींचा रक्तदाब चढला, ते आजारी पडले, आणि तेव्हापासून रक्तदाबाचे आकडे नेमानं घेतले जात आहेत. पोटावर ओल्या मातीची पट्टी, कटिस्नान, सकाळचं ऊन, मालिश, आणि तोलूनमापून घेतलेला आहार. कुष्ठरोगी परचुरेशास्त्री इथंच, आश्रमाच्या आवारात राहतात. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करतात. मातीच्या पट्टीनं रक्तदाब उतरतो का, हा प्रश्न तुमच्या काळातला डॉक्टर विचारेल आणि त्याला तो अधिकार आहे. मला या उपचारांची वकिली करायची नाही. पण इथली एक सवय डोळ्यांत भरते. इलाज करायचा, मग माणसाचं काय होतंय ते रोज पाहायचं, लिहून ठेवायचं आणि भागलं नाही तर सोडून द्यायचं. ही सवय लक्षात ठेवा. पुढे आपण अशा देशात जाणार आहोत जिथं यंत्रं होती, प्रयोगशाळा होत्या, डॉक्टर होते, पण ही सवय नव्हती.

चटईवर मागच्या बाजूला बसा. मीटरचा आवाज बंद करून फक्त आकड्यावर लक्ष ठेवा. मिनिटाला बावीस. माती, बांबू, माणसं, बाहेरच्याइतकंच. समोर, दोन-अडीच मीटरवर, गांधीजींच्या कमरेला घड्याळ लटकतंय. रेडियमच्या तबकडीचं घड्याळ इथून पकडायचं म्हटलं तर मीटर काहीच सांगणार नाही. उगमापासूनचं अंतर दहापट केलं की किरणांचा जोर शंभरावा भाग उरतो. दोन सेंटिमीटरवरून दोन मीटरवर गेलात की दहा हजारावा. अशा तबकडीसमोर बसणाऱ्याला भीती नाही. मोजायचं तर ती हातात घ्यावी लागते.

रेडियमच्या तबकडीचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. १९४७ मध्ये कानपूरकडे जाताना रेल्वेत गांधीजींचं झेनिथचं घड्याळ चोरीला गेलं. ते भेट मिळालेलं होतं, त्याला रेडियमची तबकडी होती आणि गजराची सोय होती, असं त्यांनी 'हरिजन'मध्ये स्वतः नोंदवलं. काही महिन्यांनी चोरानं दिल्लीला येऊन ते परत केलं आणि माफी मागितली. वेळेच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला माणूस, पहाटे अंधारात उठणारा. चमकत्या आकड्यांचं आणि गजराचं घड्याळ त्याला किती उपयोगी पडत असेल हे वेगळं सांगायला नको. अणूच्या ऊर्जेनं उजळणारी एक लहानशी तबकडी त्या माणसाच्या कमरेला होती, आणि तिनं त्याला वेळ दाखवण्यापलीकडे काहीही केलं नाही. रेडियमचा असा साधा, निरुपद्रवी उपयोगही होता. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली होती.

ती कुणी, हे पाहायला पंधरा वर्षं मागे चला आणि समुद्रापार. न्यू जर्सीतलं ऑरेंज गाव, १९२५.

लांबलचक खोली, मोठ्या खिडक्या, रांगेनं बसलेल्या तरुण मुली. प्रत्येकीपुढे कागदी तबकड्या आणि वाटीत रंग: चिमटीभर रेडियम, जस्ताचं सल्फाइड आणि डिंकाचं पाणी. तबकडीवरचा आकडा बारीक काढायचा तर उंटाच्या केसांच्या कुंचल्याला टोक हवं, आणि टोक ओठांनीच उत्तम येतं. ओठ, रंग, तबकडी. ओठ, रंग, तबकडी. तुमचं मीटर दारातच ओरडू लागतं. मुलींच्या केसांवर, बाह्यांवर धूळ आहे आणि अंधारात ती चमकते. काही जणी गमतीनं नखांनाही तो रंग लावतात. त्यांना सांगितलं गेलं आहे की यानं गाल गुलाबी होतील. हे १९१७ पासून चालू आहे. तुम्ही पोचलात तोवर काहींचे दात पडलेत, जबड्याची हाडं कुजू लागली आहेत. गेल्याच वर्षी एका दंतवैद्यानं 'रेडियमचा जबडा' हा शब्द वैद्यकीय लेखात वापरला आहे, आणि या वर्षी हॅरिसन मार्टलंड हा शवचिकित्सक त्यांच्या शरीरातलं रेडियम मोजतो आहे. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी १९२७ मध्ये कोर्टात जातील, १९२८ मध्ये तडजोड होईल.

ओठांवरून पोटात गेलेल्या रेडियमचं काय होतं? शरीर त्याला कॅल्शियम समजतं. दोन्ही एकाच रासायनिक कुळातले. जे आतड्यातून शोषलं जातं त्यातला बराचसा भाग हाडात जाऊन बसतो आणि तिथून वर्षानुवर्षं अल्फा कण फेकत राहतो. बाहेर असताना ज्या अल्फा कणांना कागद अडवतो, त्यांच्या आणि हाडातल्या जिवंत पेशींच्या मधे आता काहीच नसतं. म्हणून घड्याळ कमरेला लटकवणारा सुखरूप राहतो आणि घड्याळ रंगवणारी मरते. गिळलेल्या रेडियमचा काही भाग रेडॉन वायू होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. पुढे याच श्वासावरून शास्त्रज्ञ माणसाच्या हाडात किती रेडियम आहे ते मोजू लागले.

ऑरेंजच्या शेजारीच ईस्ट ऑरेंज आहे. तिथं विल्यम बेली नावाच्या माणसाच्या कारखान्यात बाटल्या भरल्या जात आहेत. एक उचला. बोटाएवढी, अर्ध्या औंसाची, आत स्वच्छ पाणी. नाव 'रेडिथॉर'. बेलीच्या दाव्याप्रमाणे यात रेडियमची दोन समस्थानिकं आहेत, प्रत्येकी एक मायक्रोक्युरी. एक मायक्रोक्युरी म्हणजे सेकंदाला ३७,००० अणू फुटणं. दोन मिळून ७४,०००. मीटर बाटलीला टेकवा: काचेतूनही ते ठणाणा करतं. दावा खोटा नाही. यात रेडियम नाही असं सिद्ध करणाऱ्याला बेलीनं हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं, आणि ते द्यायची वेळ आली नाही.

इथं जरा थांबू, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथंच आहे. १८९८ मध्ये क्युरी दांपत्यानं रेडियम शोधलं. १९०३ मध्ये जे. जे. टॉमसनला विहिरीच्या पाण्यात किरणोत्सर्ग सापडला आणि मग युरोपातल्या नावाजलेल्या गरम झऱ्यांमध्येही तो आढळला. शेकडो वर्षं लोक ज्या पाण्यानं बरे होतात म्हणून जातात, त्या पाण्याचं रहस्य उलगडलं असं सगळ्यांना वाटलं: हा तर रेडॉन! रेडॉन चार दिवसांत अर्धा उडून जातो, म्हणून बाटलीतून आणलेलं झऱ्याचं पाणी गुण देत नाही, असाही तर्क जुळला. मग घरीच झरा का नको? १९१२ मध्ये 'रेव्हिगेटर'चं पेटंट निघालं. चिनीमातीचा रांजण, आतून युरेनियमच्या खनिजाचा लेप, खाली तोटी. रात्री भरून ठेवायचा आणि दिवसभर सहा-सात ग्लास प्यायचे. सांधेदुखी, अशक्तपणा, वार्धक्य, सगळ्यांवर एकच पाणी.

अशा भांड्यांचा बाजार फुगला तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनला ग्राहकांची काळजी वाटली. भोंदू कंपन्या रेडियम नसलेलं साधं पाणी रेडियमचं म्हणून विकत होत्या. म्हणून असोसिएशननं किमान पातळी ठरवली: पाण्यात इतका तरी रेडॉन निघाला पाहिजे, तरच यंत्राला मान्यता. पडताळणी झाली, आकडे घेतले गेले, कमी भरणारे नापास झाले. मोजणारे प्रामाणिक होते, यंत्रं बरोबर होती, आकडा खरा होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, यात रेडियम आहे का. पिणाऱ्याचं काय होतं, हा दुसरा प्रश्न राहून गेला. परिणाम असा की ज्यांना ठकवलं गेलं ती माणसं वाचली. अस्सल माल घेणारी बळी गेली.

एबन बायर्सला भेटा. पिट्सबर्गचा पोलादाचा कारखानदार, १९०६ चा अमेरिकेचा हौशी गोल्फ विजेता. १९२७ मध्ये फुटबॉलचा सामना पाहून परतताना रेल्वेच्या बर्थवरून पडून त्याचा हात दुखावला आणि डॉक्टरनं रेडिथॉर सुचवलं. त्याला हुशारी वाटली. तो रोज दोन-तीन बाटल्या पिऊ लागला, मित्रांना पेट्या भेट पाठवू लागला, घोड्यांनाही पाजू लागला. सुमारे १,४०० बाटल्या. १९४१ मध्ये अमेरिकेत पहिली मर्यादा ठरेल: आयुष्यभरात माणसाच्या अंगात साठलेलं रेडियम एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहून जास्त नसावं. एक मायक्रोक्युरी रेडियम म्हणजे एक मायक्रोग्रॅम. बायर्सच्या एकेका बाटलीत त्या मर्यादेच्या दहापट होतं. अर्थात प्यालेलं सगळं अंगात राहत नाही, पण १,४०० बाटल्यांमधून जेवढं राहिलं तेवढं पुरे झालं. त्याचे दात गेले, वरच्या जबड्याचा बहुतेक भाग आणि खालच्याचा मोठा भाग काढावा लागला, कवटीला भोकं पडली. ३१ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो गेला. शिशाचं अस्तर लावलेल्या पेटीत त्याला पुरलं. १९६५ मध्ये ती पेटी उघडून त्याचा सांगाडा मोजला, तेव्हाही तो तितकाच किरणोत्सर्गी होता. रेडियम निम्मं व्हायला १,६०० वर्षं लागतात.

त्याच रेडियमचं दुसरं रूप पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. मुंबई, परळ, २८ फेब्रुवारी १९४१: टाटा मेमोरिअल हॉस्पिटलचं उद्घाटन. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये, बायर्स गेला त्याच्या आदल्याच वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, आणि त्या दुःखातून हे रुग्णालय उभं राहिलं. त्या काळी कर्करोगाच्या रुग्णालयात रेडियम असतं ते बारीक नळ्यांत आणि सुयांत सीलबंद. लांब चिमट्यानं उचलायचं, शिशाआड ठेवायचं, गाठीत टोचायचं, ठरल्या वेळी काढून घ्यायचं आणि प्रत्येक सुई मोजून परत कपाटात. मात्रा लिहितात मिलिग्रॅम-तासांत: किती रेडियम, किती वेळ. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगातून कित्येक बाया या सुयांमुळे वाचल्या. बेलीची बाटली आणि ही सुई यांच्यातला पदार्थ एकच आहे. सुईमागे मात्रा होती, मुदत होती, आणि नंतर वर्षानुवर्षं त्या बाईची विचारपूस करणारं कुणीतरी होतं.

आता आपल्या काळातल्या वर्ध्याला परत या.

घरात जुनी पेटी असेल तर उघडा. लष्करातून निवृत्त झालेल्या आजोबांचं, रेल्वेतल्या मामांचं मनगटी घड्याळ सापडेल. दुसऱ्या महायुद्धानंतरही पंधरा-वीस वर्षं अशी घड्याळं सर्रास मिळत होती. आकडे तपकिरी, पापुद्रे निघालेले. दिवा मालवून पाहा: चमकत नाही. "मेलं वाटतं रेडियम," असं म्हणून लोक ते मुलांच्या हाती देतात. जस्ताचं सल्फाइड किरणांच्या माऱ्यानं झिजून गेलंय, म्हणून चमक गेली. रेडियम ऐंशी वर्षांत शेकडा साडेतीनही कमी झालेलं नाही. मीटर घ्या. आधी दहा मिनिटं परिसराचा आकडा. मग काच वर ठेवून घड्याळ खिडकीच्या अगदी जवळ, न टेकवता: टिकटिकीची सर येते. घड्याळ उलटं करा, पोलादी पाठीतून मोजा: आकडा उतरतो, पण गॅमा येतच राहतात. एक वीत मागे घ्या, मग हातभर. आकडा मुळावर येतो. प्रत्येक जागी सारखाच वेळ मोजा, कारण अणू आपल्या लहरीनं फुटतात आणि एका मिनिटाचा आकडा फसवा असतो. शेवटी ओलसर कागदी बोळ्यानं बाहेरची पेटी पुसून बोळा मोजा. बोळाही वाजला तर धूळ बाहेर पडते आहे, आणि घड्याळ झिप लावलेल्या पिशवीत घालून दूर ठेवलं पाहिजे. हातमोजे घाला, हात धुवा. काच मात्र उघडायची नाही, कुठल्याही परिस्थितीत.

(दुकानात गाडीवर चिकटवायला मिळणाऱ्या 'रेडियम'च्या पट्टीत रेडियम मुळीच नसतं. ती नुसती उजेड परतवते. तिची भीती बाळगू नका.)

रेव्हिगेटरचे रांजण अमेरिकेतल्या संग्रहांत अजून आहेत. २००९ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी काही रांजण भरून, पाणी ठेवून मोजलं. रेडॉन होताच, पण त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे लेपातून पाण्यात उतरलेलं आर्सेनिक, शिसं, व्हॅनेडियम आणि युरेनियम. शंभर वर्षांपूर्वी मोजणाऱ्यांनी ज्या वस्तूत रेडॉन पुरेसा आहे का एवढंच पाहिलं, त्यात बाकी काय उतरतंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आणि ही केवळ जुनी गोष्ट नाही, म्हणून तर एवढा प्रवास घडवला. 'क्वांटम' किंवा 'स्केलर ऊर्जे'चं पेंडंट तुमच्या ओळखीत कुणीतरी गळ्यात घातलेलं असेल. मोबाइलच्या लहरींपासून बचाव, रक्ताभिसरण, झोप, मधुमेह, काय वाटेल ते. २०२१ च्या डिसेंबरात नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं अशा दहा वस्तू मोजून लोकांना इशारा दिला: या किरणोत्सर्गी आहेत, काढून ठेवा, वापरू नका. अशा पेंडंटांत थोरियमयुक्त खनिजाची पूड सापडते. 'निगेटिव्ह आयन' निघतात हे दाखवायला विक्रेते सोबत मीटरही आणतात आणि मीटरचा काटा खरोखर हलतो. किरणांनी हवेचे आयन होतातच. बेलीची युक्ती तीच: रेडियम खरं आहे हे दाखवायचं आणि औषधही खरं आहे हे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उतरू द्यायचं. चोवीस तास छातीला चिकटलेल्या वस्तूला अंतराचा बचावही मिळत नाही. लहान मुलांच्या गळ्यात हे अडकवणं मला अक्षम्य वाटतं.

आपल्याकडे कायदा आहे. १९५४ चा औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अशा जाहिरातींवर बोट ठेवतो. किरणोत्सर्गावर देखरेख करायला १९८३ पासून मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. पण कायदा तक्रार केल्याशिवाय जागा होत नाही, आणि भंगारवाल्याच्या हाती मीटर नसतं. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाचं एक जुनं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगारात गेलं, मायापुरीत फोडलं गेलं, आणि एका कामगाराचा जीव गेला, बरेच जण भाजले. ते यंत्र घड्याळाच्या लाखो पट जोराचं होतं हे खरं, पण वाट तीच: जुनं, निरुपयोगी, ओळख पुसलेलं, वजनावर विकलेलं.

तेव्हा एवढं करा. घरात रेडियमचं घड्याळ, जुनं लष्करी होकायंत्र किंवा आरोग्याचं म्हणून घेतलेलं अनोळखी पेंडंट असेल तर ते घासू नका, फोडू नका, भंगारात देऊ नका. झिप पिशवीत घालून माणसांच्या वावरापासून दोन हात दूर ठेवा. ज्या रुग्णालयात कर्करोगावर किरणोपचार होतात तिथं रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असतो. त्याला विचारा, त्याच्याकडे मीटर असतं. आणि कुणी तुमच्यापुढे यंत्र ठेवून काटा हलवून दाखवला, तर त्याला विचारा की हे वापरलेल्या माणसांची पुढची पाच वर्षं कुणी नोंदली आहेत, आणि ती वही कुठं आहे.